उदेसिंगची कोंबडी

७ डिसेंबर

कोंबडी! जिवंत, तांबूस, पाय सुतळीनं बांधलेले — आणि माझ्या सीटवर! मी चहा पिऊन येतो तोवर उदेसिंगनं आणून ठेवली. स्वतः गाडीच्या पलीकडे उभा, हसत. "भाऊ, धनूनी देयेल शे. तुमनाकरताच."

उदेसिंग आमच्या पपईच्या टोळीतला. खांडबाऱ्याकडचा भिल्ल. पपई तोडायची, कागदात गुंडाळायची, पेंढ्यावर रचायची — त्याच्या हातची थप्पी दिल्लीपर्यंत हलत नाही. धनू त्याची मुलगी. मागच्या महिन्यात मी भरलेली गाडी घेऊन सुरतेला निघालो होतो. विसरवाडीच्या अलीकडे हा रस्त्यात आडवा! पोरीला कळा सुटलेल्या, जीप येईना. दोघांना केबिनमध्ये घेतलं आणि चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. मुलगा झाला. त्यात मी काय मोठं केलं? पपई जरा उशिरा पोहोचली, एवढंच.

आता ही कोंबडी. आम्ही गुजर, गावातले पाटील लोक. आमच्या घरात अंड्याचं कवचसुद्धा कधी आलेलं नाही. सांगणारच होतो की बाबा, मी खात नाही. तेवढ्यात तोच म्हणाला, "नही म्हनू नका भाऊ. पाटील लोके आमना हातनं काहीच लेतस नही. तुम्ही ल्या, धनूले बरं वाटी."

उघडलेलं तोंड तसंच मिटलं. घेतली.

८ डिसेंबर

सोडून द्यावी तर कुत्री खातील. कुणाला द्यावी तर तो कापेल. घरी न्यावी तर आई मला कापेल! शेवटी केबिनमध्येच ठेवली. सुतळी सोडली तर थेट डॅशबोर्डवर चढून गणपतीशेजारी बसली आणि काचेतून बाहेर बघायला लागली, जशी काही हिचीच गाडी. उद्या दिल्लीचा माल. वाटेत काहीतरी सोय लावू.

११ डिसेंबर

सोय लागत नाही. कोट्याच्या पुढच्या ढाब्यावर कोंबडी बगलेत घेऊन उतरलो तर ढाबेवाला कढई पुसत विचारतो, "तंदूरी या करी?" परत केबिनमध्ये येऊन बसलो. जेवण गाडीतच मागवलं. डाळ मी खाल्ली, भाताची शितं तिनं.

दुपारी उदेसिंगचा फोन. "भाऊ, कोंबडी कशी लागनी?"

आता काय सांगू? समोर ती माझ्या स्टेअरिंगवर बसलेली! नाही खाल्ली म्हणालो तर तो म्हणणार, आमच्या हातचं यांना चालत नाही. आम्ही खात नाही हे खरंच आहे. पण मटण-कोंबडीचा प्रश्न नसतो तेव्हाही आम्ही त्यांच्याकडचं पाणीसुद्धा पीत नाही, हेही खरं आहे. तो दोन्हींत फरक कसा करणार?

"झकास!" म्हणालो. तिथं थांबावं ना! नाही. "रस्सा तर असा झाला होता उदेसिंग, वाटी तोंडाला लावून प्यायलो."

तो केवढा खूश झाला. पलीकडे धनूला सांगतानाही ऐकू आलं.

१४ डिसेंबर

परतीच्या वाटेवर. हिच्या जागा आता ठरल्या आहेत. सकाळी डॅशबोर्ड. ऊन चढलं की खाली गिअरपाशी. घाटात माझ्या मांडीवर — वळणावर नखं रुततात, पण तिचाही नाइलाज आहे. हॉर्नची सवय झाली. वायपरला मात्र शत्रू समजते, लावला की पाठीमागे पळते. खाली पपईचे उरलेले कागद अंथरतो, दिवसातून दोनदा बदलतो. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, केबिन इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

नाव ठेवलं नाही. नुसतं "बाई" म्हणतो. बाई, सरक. बाई, टोल आला, खाली बस.

१५ डिसेंबर

सेंधव्याच्या घाटाखाली थांबलो तर सीटमागे टाकलेल्या पेंढ्यात अंडं! गरम. आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात धरलं. टाकवेना, ठेववेना. शेजारच्या गाडीत अलवरचा एक ड्रायव्हर होता, त्याला दिलं. त्याच्या केबिनमध्ये कुत्रं आहे, मोती नावाचं. म्हणाला, त्याच्या ओळखीत एकजण पोपट घेऊन फिरतो, पोपट टोलवाल्याला शिव्या देतो. माझी बाई बघून तो हसला नाही. "अच्छा किया," म्हणाला. "घर में बात करने वाला हो ना हो, गाडी में चाहिए।"

१९ डिसेंबर

नंदुरबारला शांतिलालशेठनं पाहिलं. गाडीचा मालक, त्यात जैन. मला वाटलं, संपलं. शेठनं चष्मा वर केला, बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काटने के लिए है?"

"नाही शेठ. राहायला आहे."

"जीव है बेचारा. रहने दे." मग लगेच, "मगर अंडा मेरी गाडी में नहीं!"

आता हे बाईला कोण सांगणार?

२७ डिसेंबर

आईचा फोन. मी बोलता बोलता मधेच म्हणालो, "बाई, जेवलीस ना? मग गप्प बस!" मग —

"कोन बाई शे तुन्हा गाडीमा?"

"कोणी नाही गं."

"मन्हा कान फुटेल नहीत. खरं सांग नवनीत. मी चिडसू नही." आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं — "जात कोन्ती बी ऱ्हावो. घरमा ली ये तिले."

सदतीस वर्षांचा ड्रायव्हर पोरगा. सोयरीक जुळत नाही म्हणून आई किती खाली उतरायला तयार झालीय! हसू आलं, आणि मग पुढचा बराच रस्ता हसू आलं नाही.

४ जानेवारी

घरी. आई ओट्यावर उभीच होती, नवी साडी नेसून! शेजारच्या तापीबाईलाही तिनं सांगून टाकलेलं. मी केबिनचं दार उघडलं. बाईनं खाली उडी मारली.

"हाई? हाई तुन्ही बाई?"

तापीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. आईनं मला जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही. कोंबडी घरात येणार नाही, ओट्यावर येणार नाही, अंगणातही नको! मी गाडीतच जेवलो.

संध्याकाळी पाहतो तर गाडीच्या चाकाशी करवंटीत पाणी आणि मूठभर बाजरी. कुणी ठेवली विचारलं तर आई म्हणे, "माले काय माहीत."

१२ जानेवारी

जयपूरच्या अलीकडे धुकं. पुढचं काही दिसेना. गाडी बाजूला घेऊन दोन तास थांबलो. बाई थंडीनं माझ्या स्वेटरात शिरली. पोटाशी तिचं काळीज धडधडताना लागत होतं, केवढंसं ते! मी तिला सगळं सांगितलं — बाबा गेले तेव्हा मी अहमदाबादला माल उतरवत होतो, ते. माझं मन होतं त्या चारुलताचं लग्न दुसरीकडे झालं, ते. कुणाला कधी बोललो नव्हतो. तिनं मान खाली घालून ऐकलं. झोपलीही असेल.

मला ही हवी आहे. कायमची. लिहून टाकलं.

२१ जानेवारी

बाई आजारी आहे. अंडी बंद. खात नाही, हलत नाही. पेंढ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलीय, पोट तव्यासारखं गरम. ताप! आणि पोटाखाली काय, तर गाडीत राहिलेली एक छोटी हिरवी पपई. काढायला गेलो तर बोटाचं रक्त काढलं. जिनं मला आजवर कधी टोचलं नाही!

२२ जानेवारी

अलवरवाल्याला फोन केला. म्हणाला गूळ दे. गुळाला तोंड लावलं नाही. ओल्या फडक्यानं डोकं पुसलं तर घशातून कसलासा आवाज काढते, गुर्रर्र. छातीची पिसं स्वतःच उपटतेय. वाटेत गुरांच्या डॉक्टरांची पाटी दिसली, दार बंद. पपई मात्र सोडत नाही. तापात माणूस कसा उशी धरून बसतो, तसंच.

२३ जानेवारी

अजून तसंच. मी एकटाच बोलतोय.

२६ जानेवारी

व्हायचं ते झालं.

माल भरायला गाडी शेतात लावली. उदेसिंगची टोळी तिथंच असणार हे माहीत होतं, म्हणून बाईवर टॉवेल टाकला होता, काचा वर केल्या होत्या. पाण्याची बाटली घ्यायला त्यानं केबिनचं दार उघडलं. नेहमी उघडतो तसं. टॉवेल गुरगुरला.

त्यानं टॉवेल उचलला. आपलं जनावर माणूस कुठेही ओळखतो.

"हाई आमनी कोंबडी शे."

"हो."

"रस्सा वाटी तोंडले लाईसन पिनात म्हने तुम्ही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलला. "खातस नही तं सांगता ना भाऊ. नही म्हनाना राग नही. खोटं बोलनात. आमना हातनं म्हनीसन बोलनात."

तसं नाही रे, म्हणालो. पण तसं नाही तर कसं, हे मलाही नीट सांगता आलं नाही. दुपारी मी आणलेला चहा त्यानं घेतला नाही. गाडी भरली. थप्पी नेहमीसारखीच घट्ट रचली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२७ जानेवारी

उदेसिंग फोन उचलत नाही.

२९ जानेवारी

दिल्लीत माल खाली होतोय. बाई पपईवर. मी विचार करतोय.

एकच रस्ता दिसतो. त्याच्या घरी जायचं. कोंबडी त्यांच्या हातात द्यायची — तुमची होती, तुमची आहे. आणि ते जे ताटात वाढतील ते त्यांच्यासमोर बसून खायचं. जे काही वाढतील ते. नाहीतर आयुष्यभर तो मला त्या बाकीच्या पाटलांत धरील, आणि ते बरोबरच असेल.

पण हिला? हिला त्या ताटात? तशी आजारीच आहे, असं मनाला सांगतोय. मन ऐकत नाही. उदेसिंग आणि बाई, दोघांपैकी एकालाच राखता येणार असेल तर माणूस मोठा धरायला हवा. मूर्ख आहे मी, कोंबडीसाठी रडणारा ट्रक ड्रायव्हर!

१ फेब्रुवारी

सगळं लिहितो. झोपायच्या आधी लिहायलाच हवं.

खांडबाऱ्यात गाडी लावली आणि पायी गेलो. बगलेत बाई, आणि पपईसकट — सोडेचना! वाटेत पोरं मागे लागली. उदेसिंग दारात टोपली विणत होता. मला पाहून उठला नाही, पण खाट पुढे सरकवली.

"कोंबडी परत आणलीय," म्हणालो. "आणि मला जेवायला घाल."

त्यानं मान वर केली. धनू आतून आली. काखेत बाळ, गुटगुटीत. ती आश्रमशाळेत शिकलेली, शुद्ध बोलते. माझ्याकडून कोंबडी घेतली, तिला उलटीपालटी करून पाहिली, पपई पाहिली, आणि तिला घेऊन घरामागे गेली. बाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मग घरातून फोडणीचा वास. लसूण, मिरची. उदेसिंग बांबूची कामटी सोलत होता. बाळ झोळीत.

ताट आलं. मक्याची भाकर आणि वाटीत काळपट दाट रस्सा, वर लाल तेल. त्यानं पाण्याचा तांब्या ठेवला, आधी मी तो उचलून प्यायलो, तांब्याला तोंड लावून. मग भाकर मोडली, बुडवली, डोळे मिटले आणि न चावता गिळली. दुसरा घास. तिसरा. चव काही कळत नव्हती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मिरचीचं म्हणून खपलं असतं. पण मी हुंदकाच दिला!

"काय झायं भाऊ?"

"तिला मारलंत ना रे..." एवढंच बाहेर पडलं.

उदेसिंगनं माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि असा हसायला लागला की कामट्या सांडल्या. "उडीद शे भाऊ! उडीदनी दाय शे ती!"

धनू दारात आली. पदरानं डोळे पुसत होती, हसून हसून. "दादा, ड्रायव्हर लोक बाहेर खातात असं वाटलं, तुम्ही खात नाही हे मला माहीतच नव्हतं, नाहीतर कोंबडी कशाला दिली असती? भोपळा दिला असता. आणि खुडूक कोंबडी कोणी कापतं का?"

"खुडूक म्हणजे?"

"अंड्यांवर बसायचंय तिला! तुम्ही अंडी काढून घेतली असणार, मग काय करील बिचारी? पपई उबवत होती!"

मला घरामागे नेलं. टोपलीत गवत, गवतावर बाई. पोटाखाली खरी अंडी. पपई बाजूला पडलेली. डोळे अर्धे मिटून बसली होती, इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. ताप नव्हता. आई व्हायचं होतं! आणि मी ओल्या फडक्यानं डोकं पुसत होतो.

परत ताटावर बसलो. आता डाळीला चव होती, फार चव. दोनदा मागून घेतली. उदेसिंग शेजारीच जेवायला बसला. मधेच धनूनं विचारलं, रागानं नाही, सहज विचारावं तसं, "दादा, आमचे बाबा तुमच्या घरी येतात तेव्हा कुठे बसतात?"

"ओट्यावर," मी म्हणालो.

"आणि चहा?"

"वेगळ्या कपात."

तिनं मान हलवली आणि मला आणखी एक भाकर वाढली. उदेसिंग म्हणाला, "खाऊ दे ना वं त्याले."

बाईला तिथंच ठेवून आलो. येणार नाही म्हणाली. म्हणजे हात लावला तर टोचलंच.

५ फेब्रुवारी

बिजासनचा घाट. मांडी मोकळी. वळणावर उगीच हात पुढे केला, ती पडू नये म्हणून. कागद अंथरलेले तसेच कोरे आहेत.

१३ फेब्रुवारी

आईला आज सांगितलं. उदेसिंगकडे जेवलो, भाकर आणि डाळ. पोटभर.

"पानी बी पिना?"

"हो. पाणीसुद्धा."

ती उठून आत गेली. रात्रीचं जेवण वाढलं. मीच बोललो. म्हटलं, परवा परवापर्यंत तू म्हणत होतीस, जात कोणतीही असो, घरात घेऊन ये. पोरगी चालते आणि उदेसिंग चालत नाही? ती म्हणाली, "ते येगळं." काय वेगळं ते तिनं सांगितलं नाही. मी ताट उचलून घासून ठेवलं.

१४ फेब्रुवारी

आई बोलत नाही.

२२ फेब्रुवारी

धनूचा फोन! पिल्लं निघाली. पिवळी, काळी, एक अगदी बाईसारखं तांबूस. फोन त्यांच्यापाशी धरला तिनं. चिवचिव ऐकत मी गाडी बाजूला लावून बसलो होतो. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू दे!

२६ फेब्रुवारी

उदेसिंग घरी आला, आमच्या शेतातला माल बघायला. जेवणाची वेळ. आल्या आल्या ओट्यावर बसला, नेहमीसारखा. मी म्हटलं, आत चल. तो नको म्हणाला. दारात आई उभी होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मग मी आत जाऊन दोन ताटं वाढून आणली, घरातली, सारखी, आणि ओट्यावर त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो. सगळी गल्ली बघत होती. तापीबाईनं तर दार पूर्ण उघडलं. उदेसिंगचा हात ताटाला लागेना. आई बाहेर आली. मला वाटलं, ताटं उचलायला आली. हातात तिचं स्वतःचं ताट होतं. उदेसिंगच्या पलीकडच्या अंगाला बसली, गल्लीकडे तोंड करून. "खा भाऊ," म्हणाली, "गार व्हई ऱ्हायनं."